पूर्णेपलीकडून आलेला शब्द

मराठीत काय काय म्हणून सुटत नाही! शाळा सुटते, गाडी सुटते, वारा सुटतो, गाठ सुटते, कोडं सुटतं, आणि चाळिशी उलटली की पोट सुटतं. यातल्या कशाशीच माझं भांडण नाही. पण कुणी बाई सुटली असं कानावर आलं की मी आधी बसायला जागा शोधते. आमच्या घरात हा शब्द बाईमाणसासाठी वापरायला बंदी आहे. मुलं माझी थट्टा करतात. धाकटा तर मुद्दाम सांगतो, "आईपुढं शाळासुद्धा सुटली म्हणायचं नाही, भरायची थांबली म्हणायचं." मी हसते. पण बंदी उठवत नाही.

परवा श्रावणातल्या एका दुपारी माझ्या थोरल्या बहिणीचा, अक्काचा, फोन आला. अक्का वऱ्हाडात असते, मी नवीन जालन्यात स्टेशनाच्या अलीकडे. तिला कमी ऐकू येतं, म्हणून ती फोनवर शेतातून हाक मारल्यासारखी बोलते. "सुमे! सुटली वो बाप्पा आपल्या बाळूची सून!" एवढं बोलून ती खोकायला लागली. मी भिंत धरून स्टुलावर बसले. खोकला थांबायला किती वेळ लागला असेल, पण तेवढ्यात मी मनातल्या मनात त्या पोरीचे दिवस घालून मोकळी झाले होते. मग अक्का म्हणाली, "दोघं बरे हायेत. पोरगी झाली." मी तिला ओरडले, "आधी ते सांगत जा ना!" ती नुसती हसली. तिच्या हसण्यावरून वय कळत नाही.

बाहेर श्रावणाचं ते नेहमीचं चाललं होतं. घटकेत ऊन, घटकेत सर. लोकांना या महिन्याचं फार कौतुक. माझ्यासाठी श्रावण म्हणजे धास्तीचा महिना. ढग थोडे जास्त काळे झाले की मी विनाकारण घरातली माणसं मोजते. कोण कुठे गेलंय, कधी येणार, पुलावर पाणी आहे का. लग्न होऊन इथं आले तेव्हा सासूबाई म्हणायच्या, "ही पोरगी जन्मतःच काळजी घेऊन आलीय." जन्मतः नाही. ती मी एका बाजारातून आणली, आणि त्या बाजाराला नावेतून गेले होते.

आता पूर्णेवरचा पूल एसटीनं कधी मागे पडतो ते कळतसुद्धा नाही. तेव्हा पूर्णा म्हणजे जगाची शीव होती. आमचं केदारखेडं अलीकडे. नदी खाली खाली वाहत गेली की वऱ्हाड लागायचं. निजाम जाऊन थोडीच वर्षं झाली होती, तरी म्हातारी माणसं आपल्या बाजूला मोगलाई आणि त्या बाजूला इंग्रजी म्हणायची. मोगलाई गेली होती, इंग्रजही गेले होते, पण लोकांच्या जिभेवरून कुणी हललं नव्हतं. सडकेनं गेलं तर मध्ये करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका होता. तिथला शिपाई गाठोडी सोडून दाखवायला लावायचा. त्या वऱ्हाडात आमची अक्का दिली, तेव्हा आजूबाजूच्या बायका म्हणाल्या, "परमुलखात दिली की वो पोरगी." जणू समुद्रापार धाडली.

आम्हाला भाऊ नव्हता. सासरच्या लेकीला सणाला घेऊन यायला जो जातो त्याला मुराळी म्हणतात, आणि मुराळी म्हणजे भाऊच. आमच्याकडे ते काम वडिलांनाच करावं लागे. त्यांना आम्ही नाना म्हणायचो. त्या वर्षी अक्काला दिवस होते. पहिलं बाळंतपण माहेरी, हा तर रिवाजच. आषाढात सातवा लागला तेव्हाच तिला आणायला हवं होतं. पण नाना म्हणाले, "पंचमी आलीच आता. पंचमीला आणू, म्हंजे सण बी व्हईल अन बाळंतपण बी." एका खेपेत दोन कामं उरकायचा नानांचा स्वभाव. नेमका पंचमीच्या तोंडावर त्यांना हिवताप भरला, आणि पूर्णेला पूर आला.

आणि तशात तो शब्द आला.

तो कागदावर आला नाही, माणसाबरोबरही आला नाही. हाळीवर आला. पूर असला की नदीच्या दोन काठांवरचे लोक एकमेकांना हाळी देऊन निरोप सांगत. दोन्ही हात तोंडाभोवती धरायचे, एकेक शब्द लांबवायचा, आणि तो पाण्यावर सोडून द्यायचा. पलीकडून कुणी वाटसरू ओरडून गेला. अलीकडे किसन भोई आपली नाव बाभळीला बांधून बसला होता. त्यानं ऐकलं आणि तसाच भिजलेल्या अंगानं आमच्या दारात आला. माय चुलीपुढं होती. किसन उंबऱ्याबाहेर उभा राहून म्हणाला, "वैनी, पलीकडून एकानं हाळी देल्ती. नानाची पोरगी सुटली म्हणं."

"अन?" मायनं विचारलं.

"अन काय, वारा लई व्हता. म्होरचं काय ऐकू आलं न्हाई. मी दोनदा वरडलो. तो निघून गेल्ता."

आता इथं एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर कळणार नाही. आमच्या बाजूला बाळंतीण 'मोकळी' होते. 'सुटली' म्हणतात ते दुखणं काढून गेलेल्या बाईला. पदर तोंडाला लावून, मान हलवून म्हणतात, "सुटली बिचारी." वऱ्हाडात मात्र बाळंतीण मोकळी झाली तरी 'सुटली'च म्हणतात. हे आमच्या गावात दोघा-चौघांना ऐकून ठाऊक होतं. पण हाळी देणारा आमच्याकडचा की वऱ्हाडातला, कुणाला ठाऊक? आणि अक्काला तर आठवाच चालू होता. आठव्यात कुणी बाळंत होतं का? आणि झालीच तर... सातव्यातलं जगतं, आठव्यातलं जगत नाही, हे तेव्हा मला अकराव्या वर्षीसुद्धा पाठ होतं.

संध्याकाळपर्यंत बायका येऊन ओट्यावर बसायला लागल्या. कुणी काही विचारत नव्हतं. विचारत नव्हतं याचीच मला भीती वाटत होती. एका म्हातारीनं सूर काढायला सुरुवात केली, तशी माय आतून बाहेर आली. "काकू, रडायचं न्हाई. कुणीच न्हाई रडायचं. रडलं की खरं व्हतं," ती म्हणाली. म्हातारी गप्प झाली. दुसरी एक भली बाई मायला धीर द्यायला म्हणाली, "अगं, वऱ्हाडात बाळंतिणीला बी तसंच म्हणत्यात." माय तिलाही म्हणाली, "ते बी बोलू नका. बिलकुल बोलू नका." तिला दुःख नको होतं, आणि आशाही नको होती.

पूर उतरला तेव्हा नानांना उभंही राहवत नव्हतं. माय म्हणाली, "मी जाते." सगळे तिच्याकडे बघायला लागले. लेकीला मूल होईपर्यंत आईनं तिच्या सासरच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही, अशी आमच्याकडची रीत. म्हणून आई लेकीच्या सासरी जातच नसे. गेलीच तर उंबऱ्याबाहेर बसायचं आणि आपल्या तांब्यातलं पाणी प्यायचं. नाना अंथरुणातून म्हणाले, "तू कशी मुराळी व्हशीन?" माय म्हणाली, "मुराळी कशाला? माय म्हणून जाते." आणि मला म्हणाली, "सुमे, चल." मला का नेलं ते तिनं कधी सांगितलं नाही. बहुतेक तिला धरायला कुणाचा तरी हात हवा होता.

गाडीवाट चिखलानं बंद होती. काळ्या मातीत बैलांचे पाय पोटरीपर्यंत रुतत होते. किसन भोई मात्र दरवर्षी पूर उतरला की आपली नाव खाली बाजाराच्या घाटाला नेऊन लावायचा. पावसाळाभर तिथं उतारू मिळत. जाताना तो आंबाडीचे दोर विकायला घेऊन जाई. त्या दोरांच्या ढिगावर त्यानं आम्हाला बसवलं. आंबाडीचा तो आंबूस, ओला वास आजही कुठे आला तर माझं मनगट दुखतं. मायनं पूर्ण वाटभर ते धरून ठेवलं होतं.

लोक आता नावेत बसून सहली करतात. माझी भाची कुठल्याशा देशात जाऊन आली. तिथं म्हणे नावेतून हिंडायचं, काठाला गाव लागलं की उतरायचं, बाजार बघायचा, पुन्हा नावेत बसायचं. फोटो दाखवत होती. रंगीत छत्र्या, फळांचे ढीग, हसणारी माणसं. मला म्हणाली, "मावशी, तुला असं कधी जायला मिळालं असतं तर किती आवडलं असतं!" मी म्हटलं, "गेलेय की." तिला वाटलं मी विनोद केला.

पाणी गढूळ, चहाच्या रंगाचं. त्यातून कडब्याच्या पेंढ्या वाहत होत्या, एकदा कुणाच्या तरी घराचं दार आलं. कडी लावलेली होती. ते दार बराच वेळ आमच्या बाजूनं चाललं. किसन बोलत होता. त्याला गप्प बसायची विद्या नव्हती. कुठल्या डोहात कोण बुडालं, कुठल्या खडकावर कुणाची नाव आपटली, हे सगळं तो फार आपुलकीनं सांगत होता. शेवटी माय म्हणाली, "किसनभाऊ, जरा जिवंत माणसाचं बोला की."

तो ओशाळला. मग थोड्या वेळानं म्हणाला, "वैनी, माझ्या कानाला 'सुटली'च आलं. मी त्याच्यात माझं काय घातलं न्हाई."

"मी कुठं म्हणते घातलं म्हणून."

"न्हाई, जल्दी जल्दीत आलो तुमच्या दारी. थांबून पुन्यांदा इचारायला पायजे व्हतं. राहून राहून वाटून राह्यलंय."

मायनं पाण्यात हात घालून डोळ्यांना लावला. हे तिनं रडणं लपवायला केलं की नदीला नमस्कार म्हणून, मला कळलं नाही.

एका वाकड्या बाभळीकडे वल्हं दाखवून किसन म्हणाला, "हितून वऱ्हाड." मी उठून बघायला लागले. मला वाटलं होतं काहीतरी असेल. रेघ नाही, निदान दगड, पाटी. काही नव्हतं. इकडची ज्वारी आणि तिकडची ज्वारी एकाच वाऱ्यात हलत होती. पाणी तेच होतं. मग माणसं का वेगळं बोलतात, असं माझ्या मनात आलं आणि मला रडूच फुटलं. माय म्हणाली, "भ्यालीस का?" मी हो म्हटलं. ते सोपं होतं.

बाजाराचं गाव घाटावरच होतं. आमच्याकडे त्याला नावानं कुणी हाक मारत नसे. वऱ्हाडातला बाजार, एवढंच. घाटाच्या पायरीपासूनच दुकानं सुरू होत. मडकी, विळे, घोंगड्या, सुक्या मिरच्यांचे ढीग ताडपत्रीखाली. पुढं बैलांचा गलका. चिखलात पायांचे इतके ठसे की जमीन दिसत नव्हती. आणि बोलणं! तीच मराठी, पण सूर चढता. "काहून वो?" "पाह्यजे काय?" "कोठचे हाय तुमी?" एका भाजीवालीनं मायचं लुगडं नेसणं बघून ओळखलं. "मोगलाईतल्या दिसता बाप्पा." मायनं नुसती मान हलवली.

ठरवलं होतं ते असं. अक्काचं गाव बाजारापासून अजून पुढे, चालत जायची वाट. बाजाराला तिच्या गावची माणसं येणारच. त्यांतल्या कुणाला तरी गाठायचं आणि विचारायचं. सोपं होतं. पण माय विचारायलाच तयार नव्हती. ती बाजारात नुसती हिंडत होती, मला मागे ओढत. एखादा माणूस ओळखीचा वाटला की ती त्याच्याकडे जायची आणि दोन पावलं उरली की वळून वांग्यांचा भाव विचारायची. मला राग यायला लागला. मला वाटत होतं, विचार ना एकदाचं. आणि त्याच वेळी मनात येत होतं, नको विचारूस. अजून थोडा वेळ हिंडू. तोवर अक्का दोन्हीकडे आहे.

शेवटी तिनं एका तंबाखूवाल्याला अक्काच्या गावाचं नाव सांगितलं आणि तिथली माणसं कुठे बसतात ते विचारलं. तो म्हणाला, "आज तिकडचं कोणीच नाही आलं वो बाई."

"का?"

"नाल्याले पाणी असंन. नाही तं..." त्यानं वाक्य सोडून दिलं आणि तंबाखू तोलायला लागला.

गावात मयत झालं की त्या दिवशी गाव बाजाराला जात नाही. हे अलीकडेही तसंच होतं, पलीकडेही तसंच. यावर मात्र दोन्ही काठांचं एकमत होतं.

मला तेव्हा भूक लागली होती. हे सांगायला अजूनही जड जातं. कढईतून जिलबी निघत होती, पाकाचा वास येत होता, आणि माझी बहीण गेली असेल तरीसुद्धा मला जिलबी हवी होती. मायच्या ते लक्षात आलं. तिनं पानावर थोडी जिलबी घेतली. स्वतः तोंडाला लावली नाही. मीही खाईना. ती म्हणाली, "खा की. आपल्याला काय सुत..." आणि अर्ध्यावर थांबली. तो शब्द तिनं गिळला ते मी पाहिलं. मग मी सगळी जिलबी खाल्ली, कारण खाल्ली नाही तर तो शब्द खरा होईल असं मला वाटलं.

पुढं किराण्याचं दुकान होतं. माय तिथं थांबली आणि डिंक मागितला. दुकानदारानं मूठभर काढून दाखवला. तिनं खडे बोटांत फिरवले, उजेडाकडे धरून बघितले. बाळंतिणीसाठी डिंक कसा पारखायचा ते तिला चांगलं ठाऊक होतं. मग तिनं ते खडे सावकाश परत पोत्यात टाकले. "घ्या ना, ताजा हाये," तो म्हणाला. माय म्हणाली, "आता न्हाई." आम्ही निघालो.

मग ती कापडाच्या दुकानात शिरली. गादीवर बसलेला माणूस उमदा होता. त्यानं लाल, जांभळी, चंद्रकळा, सगळी लुगडी उलगडून टाकली. माय म्हणाली, "हिरवं दाखवा." त्यानं हिरवी काढली. "लेकीसाठी काय? बाळंतीण हाये वाट्टे?" त्यानं हसून विचारलं. मायनं काठ बघितले, पदर बघितला, सूत चोळून बघितलं. पैसे देताना तो म्हणाला, "हाली नाही ना वो माय? कलदारच द्या." हाली म्हणजे निजामाचा रुपया, कलदार इंग्रजांचा. तेवढीच काय ती आम्हाला परदेशात असल्याची आठवण.

बाहेर आल्यावर मी ते लुगडं छातीशी धरलं. नव्या कापडाचा खळीचा वास. मला एकदम हलकं वाटलं. हिरवं लुगडं म्हणजे ओटी, हिरव्या बांगड्या, बाळंतीण. मायला कुणीतरी सांगितलं असणार. मी विचारलं, "माय, हे अक्काला नेसायला ना?"

माय समोरच्या वाटेकडे बघत होती, माझ्याकडे नाही. म्हणाली, "हां. नेसली तर नेसंल. न्हाईतर आपण नेसवू."

मला कळायला पाच-सहा पावलं लागली. उन्हाळ्यात आमच्या शेजारची एक सून गेली होती. नवऱ्याच्या मागं नाही, आधी गेली, सवाष्ण. तिचा भाऊ धापा टाकत आला होता आणि त्याच्या काखेत असंच घडीचं हिरवं लुगडं होतं. सवाष्णीला शेवटचं लुगडं माहेरचं लागतं. मी ते बघितलं होतं. लाल घेतलं असतं तर एकीकडचंच झालं असतं. डिंक घेतला असता तर एकीकडचाच. हिरवं दोन्हीकडे चालतं. माझ्या आईनं बाजारभर फिरून अशी एकच वस्तू शोधून काढली होती, जी कुठल्याही दारात घेऊन जाता येईल. मी ते लुगडं परत तिच्या हातात दिलं. मला ते धरवेना.

आयुष्यात पुढे मी पुष्कळ काळज्या केल्या. मुलांच्या परीक्षा, नवऱ्याचं ऑपरेशन, रात्री न आलेले फोन. पण त्या वाटेइतकी लांब वाट दुसरी कुठली नव्हती. दोन्ही बाजूंनी कपाशी, पानांवर पाणी, आभाळ उघडलेलं. सगळं सुंदर होतं आणि मला त्याचा राग येत होता. नाल्याला पाणी होतं, गुडघ्यापर्यंत. मायनं लुगड्याचं गाठोडं डोक्यावर घेतलं. पाणी बघून माझ्या मनात आलं, म्हणजे गाव नाल्यामुळंच आलं नाही. लगेच दुसरं मन म्हणालं, गुडघाभर पाण्याला वऱ्हाडी माणूस भितो होय?

अक्काच्या सासरच्या दारात कुणी नव्हतं. ओटा सारवलेला होता. ओटा तर दोन्हीसाठी सारवतात. माय उंबऱ्याबाहेर खाली बसली. हाक काही तिनं मारली नाही. मी हाक मारावी म्हणून तिनं माझ्याकडे बघितलं, आणि मी दाराच्या कडीकडे बघत राहिले. दोघी तशाच बसून राहिलो. आतून धुरासारखा कसलातरी वास येत होता.

मग विहीणबाई, म्हणजे अक्काची सासू, कशासाठी तरी बाहेर आल्या आणि आम्हाला बघून थबकल्या. तशाच आत गेल्या. मायचा हात माझ्या मनगटावर आवळला. त्या परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात तांब्या होता. त्यांनी तो मायच्या पुढे धरला.

"घ्या," त्या म्हणाल्या. "आता या घरचं पाणी चालते तुमाले."

माय त्या तांब्याकडे बघत राहिली. तिनं तो दोन्ही हातांनी घेतला आणि वरून न ओतता ओठ लावून, घटाघटा, सगळा पिऊन टाकला. पाणी तिच्या हनुवटीवरून गळ्यात, चोळीवर उतरत होतं. मी तिला असं पाणी पिताना कधी बघितलं नव्हतं. मग तिनं तांब्या खाली ठेवला आणि इतक्या दिवसांचं सगळं रडून घेतलं. विहीणबाई घाबरल्या. "अवो, काहून रडता? निरोप धाडला व्हता ना? पोरगी सुटली, दोघं बरे हायेत, असं सांगजो म्हटलं व्हतं त्याले!" दोघं बरे हायेत. तेवढं वाऱ्यानं ठेवून घेतलं होतं.

आत शेगडीवर ओवा-शेपा जळत होत्या, त्याचाच तो वास. अक्का बाजेवर होती, पांढरीफटक, पण डोळे तिचेच, खट्याळ. तिच्या कुशीत कापसाचा एक पुंजका होता. पहिल्यांदा मला तो कापूसच वाटला. मग त्याच्यात रताळ्याएवढं एक तोंड दिसलं आणि ते जांभई देत होतं. आठव्यातलं म्हणून सरकी काढलेल्या कापसात त्याला गुंडाळून ठेवलं होतं. तोच बाळू. आता आजोबा झाला, आणि दोन माणसांना दाबून बसेल एवढा जाड आहे.

अक्कानं गाठोडं सोडलं. हिरवं लुगडं बघून तिचा चेहरा उजळला. "माय! हिरवंच आणलंस! म्हंजे तुला कळलं व्हतं?"

मी मायकडे बघितलं. मायनं लुगड्याची घडी अक्काच्या मांडीवर नीट ठेवली.

"मंग? माय हाय मी तुही," ती म्हणाली. "मला न्हाई कळणार तर कोणाला?"

बारशाला अक्का तेच लुगडं नेसली. पाळणा हलवत होती, बायका गाणी म्हणत होत्या. माय पूर्ण वेळ कुंच्यांच्या, घुगऱ्यांच्या कामात होती. एकदाही तिनं अक्काकडे मान वर करून बघितलं नाही. रात्री अक्कानं लुगडं बदललं तेव्हा कुठे ती तिच्या शेजारी जाऊन बसली आणि तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. हे माझ्याशिवाय कुणी पाहिलं नसावं.

ही गोष्ट अक्का आजन्म सांगत आली. सुनांना, नातसुनांना, शेजारणींना. "साऱ्या गावानं मले मारून टाकलं व्हतं. ओट्यावर रडाले बाया बसल्या व्हत्या. पण माह्या मायले ठावं व्हतं. बाजारातून हिरवं लुगडं घेऊन आली ती माही माय!" माय असताना ती हे सांगायला लागली की माय उठून चुलीकडे जायची. माय जाऊन पुष्कळ वर्षं झाली. किसन भोई गेला, नाना गेले. त्या वाटेवर काय बोलणं झालं ते ऐकलेली मी एकटी उरले.

परवा फोनवर पणतीची सगळी चौकशी झाल्यावर अक्का म्हणाली, "सुमे, एक ऐकून घे. ते मायचं लुगडं अजून ट्रंकेत हाये. बारशाला नेसली, तेवढीच. जीवच नाही झाला वापराले."

"मग आता काढ की. पणतीच्या बारशाला नेस."

"नाही वो." तिचा आवाज एकदम लहान झाला. फोनवर ती पहिल्यांदाच ओरडून बोलत नव्हती. "भाऊजी हायेत तुहे अजून. त्याहीच्या आधी मी सुटली, तं तेच नेसवजो मले. पोरं नवं आणतीन, ऐकू नको. मायनं एवढ्या आनंदानं आणलेलं हाये. तेच पाह्यजे."

बाहेर सर आली होती. स्टेशनावरून एक गाडी सुटली. अक्का पलीकडे थांबली होती. तिला वाटलं मला ऐकू आलं नाही. "सुमे? ऐकून राह्यली ना?"

"हो," मी म्हटलं. "नेसवीन."